अमेरिकन कादंबऱ्या आणि नाटकं : स्वतःची चाचणी कशी घ्यावी

नेट-सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षांसाठी इंग्रजीची तयारी करणाऱ्या प्रत्येकाच्या वहीत अमेरिकन साहित्याची एक यादी हमखास असते : पुस्तक, लेखक, साल. ती पाठ झाली की ‘अमेरिकन झालं’ असं वाटायला लागतं. पेपरात मात्र चार पर्याय समोर येतात, चारही ओळखीचे, आणि हात थबकतो. पेपर काढणारा चुकीचे पर्याय लांबून आणत नाही. बरोबर उत्तराच्या आजूबाजूचेच उचलतो. त्यामुळे चाचणी एकेका पुस्तकाची घेऊन भागत नाही. एकमेकांत मिसळणाऱ्या पुस्तकांच्या जोड्या शोधायच्या आणि त्यांची चाचणी घ्यायची.

नेटच्या दुसऱ्या पेपरात 100 प्रश्न असतात, प्रत्येकी 2 गुणांचे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून प्रश्न कोरा सोडण्यात काहीच अर्थ नाही. अमेरिकन साहित्याचा स्वतंत्र घटक अभ्यासक्रमात नाही. नाटक, कविता, कादंबरी-लघुकथा, ललितेतर गद्य अशा घटकांत ते ब्रिटिश आणि इतर लेखनात मिसळून येतं. बाजारात मिळणारे ‘फक्त अमेरिकन’ सराव संच म्हणूनच फसवे ठरतात. त्यात ‘इनव्हिजिबल मॅन’ म्हटलं की राल्फ एलिसन हे एकच नाव जुळतं. खऱ्या पेपरात शेजारी एच. जी. वेल्सही असू शकतो. वेल्सची 1897 ची कादंबरी इंग्लंडमधल्या एका वैज्ञानिकाची आहे, तो खरोखरच अदृश्य होतो. एलिसनच्या 1952 च्या कादंबरीतला निनावी कृष्णवर्णीय निवेदक अदृश्य आहे, कारण लोक त्याच्याकडे बघायलाच तयार नाहीत.

सुरुवात अशी करा. 14 कादंबऱ्या आणि 10 नाटकं निवडा. आडव्या कागदावर डावीकडे ही 24 नावं लिहा आणि प्रत्येकापुढे सहा रकाने आखा : लेखक, साल, कथानक कुठे आणि कधी घडतं, कोण सांगतं (नाटक असेल तर अंक-प्रवेशांची मांडणी), शेवट कोणाच्या कृतीने होतो, नाव कुठून आलं. पुस्तक, गाइड, मोबाइल सगळं बाजूला ठेवून एक तास द्या. येत नाही तो रकाना कोरा सोडा. अंदाजाने लिहिलेल्या उत्तरापुढे टिंब द्या. तपासताना टिंबाचं उत्तर बरोबर निघालं तरी अर्धाच गुण धरा, नाहीतर कागद तुम्हालाच गंडवेल. एकूण बेरजेपेक्षा कोणता उभा रकाना सर्वांत रिकामा आहे ते पाहा. बहुतेकांचा तिसरा आणि चौथा रिकामा असतो. गाइडांत गोष्ट असते, मांडणी नसते.

सालाच्या रकान्यात साल कशाचं तेही लिहा. ‘हकलबेरी फिन’ इंग्लंडमध्ये डिसेंबर 1884 मध्ये आलं आणि अमेरिकेत फेब्रुवारी 1885 मध्ये, त्यामुळे दोन्ही आकडे छापलेले दिसतात. ‘मोबी डिक’ 1851 मध्ये आधी लंडनला ‘द व्हेल’ या नावाने तीन खंडांत निघाली. त्या आवृत्तीत उपसंहार गळला होता, आणि सगळं जहाज बुडालं तर गोष्ट सांगायला निवेदक उरलाच कसा, असा प्रश्न तिकडच्या समीक्षकांना पडला. नाटकांत घोळ आणखी वाढतो. नाटककार युजीन ओनीलला नोबेल मिळालं 1936 मध्ये. त्याचंच ‘लाँग डेज जर्नी इन्टू नाइट’ रंगमंचावर आलं 1956 मध्ये, तेही स्टॉकहोमला आणि त्याच्या मृत्यूनंतर. त्याला मिळालेला पुलित्झर हा अमेरिकन पुरस्कार 1957 चा. कथानक घडतं ऑगस्ट 1912 मधल्या एका दिवसात. कालानुक्रम लावायच्या प्रश्नात यातला कोणता आकडा विचारला आहे हे न पाहता क्रम लावला तर त्या चुकीच्या क्रमाशी जुळणारा पर्याय चारांत सापडतोच. पुलित्झरचं साल बहुधा पुस्तकानंतरचं असतं : ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ 1960, पुरस्कार 1961, ‘बिलव्हेड’ 1987, पुरस्कार 1988.

मांडणीच्या रकान्यासाठी फॉकनरइतका कडक परीक्षक दुसरा नाही. ‘द साउंड अँड द फ्युरी’चे चार भाग पुस्तकात या क्रमाने येतात : 7 एप्रिल 1928 बेंजीचा, 2 जून 1910 क्वेंटिनचा, 6 एप्रिल 1928 जेसनचा, आणि शेवटचा 8 एप्रिल 1928 चा, जो कुटुंबातलं कोणीच सांगत नाही. काळाच्या क्रमाने लावायचे तर दुसरा, तिसरा, पहिला, चौथा. हे कागदावर एकदा स्वतः लिहून काढा, नुसतं वाचून राहत नाही. शिवाय क्वेंटिन दोन आहेत : कॅडीचा भाऊ, आणि त्याच्या नावावरून ठेवलेली कॅडीची मुलगी. 1928 मध्ये क्वेंटिन पळून जातो की जाते, इथे निम्मे लोक अडखळतात. ‘अ‍ॅज आय ले डाइंग’मध्ये 59 प्रकरणं आणि 15 निवेदक, हा आकडाही विचारण्याजोगा आहे.

नाटकांचं त्या मानाने सोपं. ‘डेथ ऑफ अ सेल्समन’ दोन अंक आणि एक ‘रेक्विएम’ (अंत्यसंस्कारानंतरचा छोटा शेवटचा भाग), ‘द क्रूसिबल’ चार अंक, ‘अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर’मध्ये अंक नाहीतच, 11 प्रवेश आहेत, आणि ‘द ग्लास मिनॅजरी’त सात. एडवर्ड अल्बीच्या ‘हूज अफ्रेड ऑफ व्हर्जिनिया वुल्फ?’च्या तिन्ही अंकांना नावं आहेत : ‘फन अँड गेम्स’, ‘वाल्पुर्गिसनाख्ट’, ‘द एक्सॉर्सिझम’. जोड्या लावा प्रकारात ती अगदी चपखल बसतात.

आता जोड्या. ‘द स्कार्लेट लेटर’ आणि ‘द क्रूसिबल’ दोन्ही मॅसॅच्युसेट्समधल्या प्युरिटनांच्या, म्हणजे कडक धर्माचरणाच्या प्रॉटेस्टंट पंथीयांच्या, म्हणून एकाच खणात पडतात. पहिली 1850 ची, घडते 1640 च्या दशकातल्या बॉस्टनमध्ये. दुसरं 1953 चं, घडतं 1692 च्या सेलममध्ये. ‘क्रूसिबल’मधला न्यायाधीश हॅथॉर्न हा ‘स्कार्लेट लेटर’कार हॉथॉर्नचा खराखुरा पूर्वज, म्हणून आडनाव बघून उत्तर देणारा हमखास फसतो. हेमिंग्वेची युद्धं अशीच : ‘अ फेअरवेल टू आर्म्स’ पहिल्या महायुद्धातली इटलीची आघाडी, ‘फॉर हूम द बेल टोल्स’ स्पेनचं यादवी युद्ध. विम्याचे पैसे दोन नाटकांत आहेत. ‘अ रेझिन इन द सन’मध्ये वडील वारल्यावर आलेला 10,000 डॉलरचा चेक घरात भांडण लावतो, ‘सेल्समन’मध्ये 20,000 डॉलर घरच्यांना मिळतील या हिशेबाने विली लोमन मरायला निघतो. कृष्णवर्णीय आरोपी आणि खटला ‘नेटिव्ह सन’मध्येही आहे, ‘मॉकिंगबर्ड’मध्येही, पण शिकागोतल्या ‘बिगर थॉमस’ या तरुणाच्या हातून खून झालेला आहे आणि अलाबामातला टॉम रॉबिन्सन निर्दोष आहे. या एका फरकामुळे दोन्ही पुस्तकं एकाच विधानात कोंबता येत नाहीत, आणि विधान-कारण प्रकारचे प्रश्न नेमके तिथेच बोट ठेवतात.

पुस्तक वाचलंय की नुसता सारांश, हे तपासायचं तर प्रश्न वस्तूंवर काढा. ‘सेल्समन’चंच घ्या. ‘विलीचा मोठा मुलगा कोण?’ हा प्रश्न सारांशवालाही सोडवतो. ‘लिंडा जुने मोजे रफू करते तेव्हा विली का चिडतो?’ याचं उत्तर द्यायला बॉस्टनच्या हॉटेलातला प्रसंग ठाऊक असावा लागतो : तिथल्या बाईला त्याने नवे मोजे दिले होते, आणि गणितात नापास झालेला मोठा मुलगा बिफ नेमका त्या वेळी दारात उभा राहिला. तशीच बिल ऑलिव्हरच्या ऑफिसातून बिफने उचललेली पेन, हॉवर्डचं आवाज मुद्रित करणारं यंत्र, गॅसजवळची रबरी नळी. प्रत्येक वस्तूवर ‘कोणाची, कुठे, कशासाठी’ असे तीन प्रश्न होतात. एका नाटकाच्या पाच वस्तू काढल्या की पंधरा प्रश्नांचा संच तयार. ‘गॅट्सबी’साठी हेच करून बघा : गाडी कोणाची, चालवत कोण होतं, मेलं कोण, आणि विल्सनने गोळी कोणावर झाडली. गाडी गॅट्सबीची, चालवत होती डेझी, मेली विल्सनची बायको मर्टल, गोळी गॅट्सबीला. भरभर विचारलं की निदान एक नाव घसरतंच.

सिनेमा पाहून पुस्तक ‘झालं’ म्हणणाऱ्यांची चाचणी शेवटाच्या रकान्यात होते. 1951 च्या ‘स्ट्रीटकार’ सिनेमात स्टेला आता परत जाणार नाही असं म्हणत बाळाला घेऊन वरच्या मजल्यावर जाते. नाटकात ती नवऱ्याजवळ, स्टॅन्लीजवळच राहते. 1995 च्या ‘स्कार्लेट लेटर’मध्ये हेस्टर आणि डिम्सडेल एकत्र निघून जातात, कादंबरीत तो गुन्हेगारांना उभं करायच्या चौथऱ्यावर सगळ्यांसमोर मरतो. 2013 च्या ‘गॅट्सबी’त निवेदक निक सॅनटोरियममध्ये बसून गोष्ट लिहितो, पुस्तकात सॅनटोरियम नाहीच. मराठी अनुवादांचा असा धोका नाही. पु. लं.चं ‘एका कोळियाने’ वाचलं असेल तर ‘ओल्ड मॅन अँड द सी’मधल्या म्हाताऱ्याचे मासा न मिळालेले 84 दिवस डोक्यात पक्के बसतात. मूळ इंग्रजी वाक्यं मात्र वेगळी वाचावीच लागतात, कारण उतारा देऊन ‘हे कोणाचं?’ असंही विचारतात.

दोघांनी मिळून सराव करायचा असेल तर एक नियम पाळा : प्रत्येकाने आठवड्याला दहा प्रश्न काढायचे, आणि प्रत्येक चुकीचा पर्याय शेजारच्या एखाद्या पुस्तकाबद्दल खरा असला पाहिजे. ‘कथानक चंद्रावर घडतं’ असले पर्याय बाद. प्रश्न काढणारा यात सोडवणाऱ्यापेक्षा जास्त शिकतो. पहिल्या कागदानंतर तीन दिवसांनी फक्त कोरे आणि टिंबाचे रकाने पुन्हा भरा. दोन आठवड्यांनी नावांचा क्रम बदलून पूर्ण कागद. क्रम बदलला नाही तर पुस्तक आठवत नाही, कागदावरची जागा आठवते.

तपासणी मूळ पुस्तकावरूनच करा. ‘स्कार्लेट लेटर’, ‘मोबी डिक’, ‘हकलबेरी फिन’, ‘गॅट्सबी’ प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट आहेत. भारतात स्वामित्वहक्क लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो, त्यामुळे 1961 मध्ये गेलेला हेमिंग्वे आणि 1962 मध्ये गेलेला फॉकनर इथे आता मुक्त आहेत. ‘सेल्समन’ आणि ‘क्रूसिबल’चा मिलर, ‘स्ट्रीटकार’ आणि ‘मिनॅजरी’चा टेनेसी विल्यम्स अजून नाहीत, ती नाटकं ग्रंथालयातूनच आणावी लागतील. ‘कॅट ऑन अ हॉट टिन रूफ’ घेताना आवृत्ती उघडून पाहा : तिसरा अंक दोन रूपांत छापलेला आहे, विल्यम्सने आधी लिहिलेला आणि दिग्दर्शक एलिया कझानच्या सांगण्यावरून ब्रॉडवेसाठी बदललेला. नेटची तात्पुरती उत्तरसूची आल्यावर शुल्क भरून हरकत घेता येते. तिथे गाइडचं पान उपयोगाचं नसतं. मूळ पुस्तकाचं पान, आवृत्तीच्या उल्लेखासह, जोडावं लागतं.