चहा सोडताना आधी संध्याकाळचा सोडावा
इंदूरमध्ये सकाळच्या पोह्यांबरोबरचा चहा सोडणे सर्वांत अवघड, म्हणून सुरुवात तिथून करू नये. शरीरातील निम्मे कॅफीन कमी व्हायलाच साधारण 5 तास लागत असल्याने, झोप बिघडवणारा संध्याकाळचा चहा आधी बंद करावा आणि रात्री सराफ्यात (सराफा बाजारातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत) गेल्यास त्याऐवजी दुधाची घट्ट शिकंजी घ्यावी (ती भलतीच गोड असते, हे खरे). सकाळच्या चहातली पत्ती दर तीन-चार दिवसांनी पाव चमच्याने कमी करून आले आणि गवती चहा वाढवत न्यावा. एकदम सोडल्यास 12 ते 24 तासांत डोके दुखू लागते व हा त्रास आठवडाभरही टिकू शकतो. त्यावर गोळी घेताना वेष्टन वाचावे, कारण डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही कॅफीन असते.