शुगरची गोळी चालू असताना अंगदुखीवर काय घ्यावं

आधी पॅरासिटामॉल. जेवून, ५०० ची एक गोळी. नाही भागलं तर सहा तासांनी दुसरी. दिवसाकाठी ३ ग्रॅमच्या आत राहायचं. लिव्हरचा त्रास असेल किंवा रोज घेण्याची सवय असेल तर डॉक्टरांना विचारून. मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड, इन्सुलिन, यांच्याशी या मात्रेत तिचं भांडण नाही.

ग्यानबाची मेख आहे ती पट्टी ओळखण्यात. मेडिकलवर ‘अंगदुखीची द्या’ म्हटलं की चार गोळ्या कात्रीनं कापून पुडीत येतात. नाव अर्ध्यात तुटलेलं, बारीक अक्षरं दुसऱ्याच गिऱ्हाइकाकडे गेलेली. काउंटरच्या आतून सांगतो, असा तुकडा घेऊच नका. आख्खी पट्टी मागा, नाहीतर मागच्या बाजूचा मोबाइलवर फोटो काढा. ठळक नाव कंपनीनं ठेवलेलं असतं, औषध त्याखाली बारीक छापलेलं. तिथं आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक यातलं काही दिसलं तर गोळी परत करा. शेवटी ‘फेनॅक’ असलेल्या या दोन्ही तर चिठ्ठीशिवाय द्यायच्याच नसतात, पण देतात. नावापुढे ‘पी’ असेल तर आत बहुधा पॅरासिटामॉलही असतं. वरून क्रोसिन घेतली की डोस दुप्पट. सर्दीच्या गोळ्यांचंही तेच.

‘एका गोळीनं काय होतंय मामा?’ एका गोळीनं बहुतेकदा काही होत नाही, पण कंबरदुखी एका दिवसाची कुठं असते? आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या या गोळ्या किडनीकडे जाणारं रक्त कमी करतात. शुगरमुळं किडनी आधीच थकलेली असू शकते. त्यात बीपीची टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर तिन्ही मिळून किडनी बसवू शकतात. मेटफॉर्मिन बाहेर पडतं तेही किडनीतूनच. ते साचलं तर रक्तात लॅक्टिक ॲसिड वाढायचा धोका. वसमतकडे हळद शिजवायच्या दिवसांत माणूस दिवसभर जाळापुढे उभा असतो. घामानं अंग सुकलेलं, शुगरचीच डॅपाग्लिफ्लोझिन ही गोळी चालू असेल तर लघवीवाटेही पाणी चाललेलं, आणि संध्याकाळी कंबरेसाठी हीच गोळी. त्या वेळी आधी पाणी प्यावं आणि पॅरासिटामॉलवरच भागवावं.

नुसता गुडघा असेल तर डायक्लोफेनॅकचा मलम चालतो, रक्तात फार थोडा उतरतो. जखमेवर लावू नका.

हृदयासाठी ७५ ची ॲस्पिरिन लिहून दिली असेल तर ती मनानं बंद करू नका. डोकं दुखतं म्हणून त्यावर डिस्प्रिनही नको, तीही ॲस्पिरिनच. जास्त ॲस्पिरिन ग्लिमेपिराइडसोबत शुगर खाली आणू शकते. घाम सुटला, हात थरथरले तर अशक्तपणा म्हणून झोपू नका. शुगर तपासा. सत्तरच्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात.

आठवडी बाजारातली सांधेदुखीची पुडी मात्र अजिबात नको. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. दुखणं पळतं आणि शुगर आभाळाला भिडते.

तळपायाची आग यातल्या कशानंच थांबत नाही, त्याची औषधं वेगळी असतात. छाती, जबडा किंवा डावा हात दुखत असेल तर गोळी शोधत बसू नका, सरळ दवाखाना गाठा. एरवीचं दुखणं तीन दिवसांत हटलं नाही तर डॉक्टरकडे जा, आणि वर्षभरात क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) तपासलं नसेल तर तेही त्याच फेरीत करून घ्या.