मानेला जबर मार लागलाय? श्वासमार्ग सांभाळताना या चुका टाळा

नवीन माणूस मानेची जखम पाहतो आणि पहिलं काम करतो ते पेशंटला आडवं करण्याचं. माझा सगळ्यात जास्त राग याच चुकीवर आहे. पुढे वाकून, रक्त थुंकत बसलेला माणूस स्वतःचा श्वासमार्ग स्वतःच सांभाळत असतो. त्याला झोपवलं की रक्त आणि जीभ दोन्ही घशात मागे जातात.

एका दुचाकीस्वाराचा गळा आडव्या तारेवर आपटला होता. हात गुडघ्यांवर टेकून तो रस्त्याकडेला बसला होता. आवाज पार बसलेला, श्वास आत घेताना घरघर, मानेवर बोट दाबलं की कातडीखाली हवा कुरकुरायची. स्वरयंत्र फुटल्याचीच ही लक्षणं. मान स्थिर ठेवणारी कॉलर लावायच्या घाईत माझ्या सोबत्याने त्याला झोपवलं आणि घरघर एकदम बंद पडली. छाती हलत होती, पण हवा जात नव्हती. पट्टे सोडून उठवलं तेव्हा कुठे श्वास सुरू झाला. एवढ्या सगळ्यात बोटावरचं यंत्र ९६ दाखवत होतं! ऑक्सिजनचा आकडा उशिरा पडतो, त्यावर विसंबू नका. मणक्याची शंका असेल तर बसल्या जागी मागून दोन्ही हातांनी डोकं धरा. मी तसंच धरतो.

दुसरी खोड म्हणजे 'अजून एकदा बघतो'. लॅरिंगोस्कोप, म्हणजे तोंडातून स्वरयंत्र बघायचं दिव्याचं साधन, घालण्याच्या प्रत्येक प्रयत्नाने सूज वाढते. मी तो हातात घेण्याआधीच क्रिकोथायरॉइड पडद्यावर (स्वरयंत्राच्या दोन कूर्चांमधला पातळ पडदा, गळ्यातून थेट वाट करायची जागा) पेनाने खूण करतो आणि १० नंबरचं ब्लेड, बूजी (ट्यूबला वाट दाखवणारी लवचिक कांडी), ६ नंबरची कफवाली, म्हणजे टोकाशी फुगा असलेली, ट्यूब उघडून ठेवतो. सूज आल्यावर पडदा बोटाला लागत नाही. अशा वेळी मधोमध उभा छेद घ्या, आत बोट घालून पडदा शोधा, तो आडवा कापा आणि बूजीवरून ट्यूब सरकवा. मोठ्या माणसात छेद न घेता पडद्यातून नुसती सुई घालून भागवायचा शॉर्टकट मला अजिबात मान्य नाही. ती वाकते, निसटते.

गळ्याचा मार्ग कापायची तयारी नसेल तर स्नायू लुळे करणारं औषध देऊ नका.

श्वासनलिका जखमेतूनच उघडी दिसत असेल तर ट्यूब तिथूनच घाला, तोंडातून झटापट नको.

ट्यूब बसली की कॅप्नोग्राफवर (उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र) लाट बघा, नुसत्या स्टेथोस्कोपवर मानू नका.

रक्त थांबवायला गळ्याभोवती पट्टी गुंडाळू नका. वाहत्या जागी बोटाने दाबा, आणि ते बोट सर्जन सांगेपर्यंत उचलू नका.