युरोपियन टूरवरचं डार्ट्स बघायचं कसं

पीडीसी या व्यावसायिक डार्ट्स संघटनेच्या युरोपियन टूरवरची स्पर्धा पहिल्यांदाच बघणार असाल तर एक सांगतो, १८० (एका पाळीच्या तीन डार्टमधले सगळ्यात जास्त पॉइंट) मोजत बसू नका. १८० पडला की अख्खा हॉल उठून नाचतो, मजा येतेच, पण मॅच तिथे ठरत नाही. मॅच ठरते ती थ्रो कुणाचा आहे (म्हणजे डाव कोण सुरू करतोय) आणि डबल (बोर्डाच्या कडेची दुप्पट पॉइंटची अरुंद रिंग) कुणाला लागतोय यावर.

आधी तीन दिवसांचं गणित. शुक्रवार ते रविवार, ४८ प्लेयर. शुक्रवारी ३२ जण खेळतात, त्यातले १६ पुढे जातात आणि शनिवारी त्यांच्यासमोर १६ सीडेड (वरच्या मानांकनाचे) प्लेयर येतात जे तोपर्यंत स्टेजवर चढलेलेच नसतात, एकाचा हात बसलेला आणि दुसरा थेट उतरलेला, म्हणून शनिवारी मोठी नावं घरी जाताना दिसली तर नवल वाटून घेऊ नका. रविवारी दुपारी शेवटचे १६, संध्याकाळी क्वार्टर, सेमी, फायनल. म्हणजे जिंकणाऱ्याला एकाच दिवसात चार मॅच काढायच्या असतात. एकच दिवस वेळ असेल तर डोळे झाकून रविवार निवडा.

आता थ्रो. दोघंही ५०१ वरून खाली येतात आणि शेवटचा डार्ट डबलमध्ये नाहीतर बुलमध्येच (मधोमधचा ५० चा ठिपका) लागला पाहिजे. आकडा शून्याखाली गेला किंवा १ उरला तर बस्ट, त्या फेरीचे (तीन डार्टच्या पाळीचे) सगळे पॉइंट गेले. जो लेग (५०१ चा एक डाव) सुरू करतो तो कायम तीन डार्ट पुढे असतो, त्यामुळे आपल्या थ्रोवरचा लेग घेणं हे अपेक्षितच आहे, बघायचा असतो तो ब्रेक, म्हणजे समोरच्याच्या थ्रोवरचा लेग जिंकणं. पहिला लेग कोणी सुरू केला तेवढं लक्षात ठेवा, कारण क्वार्टर फायनलपर्यंत आधी ६ लेग घेणारा जिंकतो (सेमीत ७, फायनलला ८), आणि ५-५ झालं तर अकरावा लेगही त्याच्याच थ्रोवर असतो. दुसऱ्याला कुठेतरी एकदा ब्रेक करावाच लागतो, त्याशिवाय सुटका नाही.

खरी गंमत आकडा १७० च्या आत आला की सुरू होते. १७० हा सगळ्यात मोठा चेकआउट (एका फेरीत लेग संपवणं), दोन ट्रिपल २० (तिप्पट, म्हणजे ६०) आणि बुल. पण १६९, १६८, १६६, १६५, १६३, १६२ आणि १५९ तीन डार्टमध्ये संपतच नाहीत, म्हणून आधीच्या फेरीतला शेवटचा डार्ट कधीकधी २० सोडून मुद्दाम १९ किंवा १८ कडे जातो. तो डार्ट बघायला शिका, अर्धा खेळ तिथे कळतो.

आणि समोरच्याचा आकडा बघत राहा. समजा ५० उरलेत आणि हातात एकच डार्ट आहे. समोरचा ४० वर टपून बसला असेल तर हा बुलच मारणार, कारण पुढची पाळी येईलच असं नाही. पण समोरचा अजून २५० वर असेल तर आरामात सिंगल १८ घेऊन ३२ ठेवेल. ३२ का, तर डबल १६ चुकून सिंगल लागला तरी १६ उरतात म्हणजे डबल ८, तिथेही सिंगल गेला तर डबल ४, आकडा सम राहतो आणि डार्ट वाया जात नाही.

२०२४ ला बेल्जियममध्ये वीझला ल्यूक लिटलरने रॉब क्रॉसविरुद्ध फायनलमध्ये नाइन-डार्टर टाकला, ५०१ अवघ्या नऊ डार्टमध्ये! यापेक्षा परफेक्ट लेग असूच शकत नाही, तरी स्कोअरबोर्डवर तो एकच लेग धरला गेला आणि फायनल ८-७ पर्यंत ताणली गेलीच.

प्रत्यक्ष हॉलमध्ये जाणार असाल तर लांब टेबलांवरून बोर्ड नीट दिसत नाही, स्टेजकडे टक लावू नका, मोठ्या स्क्रीनवर दोघांचे उरलेले आकडे आणि आता थ्रो कुणाचा आहे तेवढं बघत राहा.