डीएलसीचा चार्ज लावण्याआधी

कूपवाडच्या आपल्या शेडमध्ये डीएलसीचा, म्हणजे हिऱ्यासारख्या टणक कार्बनच्या कोटिंगचा, चार्ज (एका वेळी चेंबरमध्ये जाणारा माल) लावायचा, तर आधी जॉब, म्हणजे कोटिंगला आलेला भाग बघा, व्हॅक्यूमचे चेंबर नंतर. स्टील कुठले आणि टेंपरिंग (कडक केल्यावर पुन्हा तापवणे) किती अंशांवर, हे पार्टीला फोनवरच विचारून घ्या. आपला चार्ज दोनशे अंशांच्या आसपास तापतो. दीडशेवर टेंपर केलेली बेअरिंग स्टीलची पिन त्यात रॉकवेल कडकपणात एखाद-दोन पॉइंट उतरू शकते. जॉब मुळातच मऊ असेल तर सरळ परत पाठवा. २-३ मायक्रॉनचा थर कितीही टणक असो, खालचे लोखंड दबले की तो तडकणारच. पितळेचे किंवा झिंक प्लेटिंगचे काही आत जाऊ देऊ नका, फिक्स्चरचा नटबोल्टसुद्धा नाही. व्हॅक्यूममध्ये तापलेले जस्त उडते आणि चेंबरभर बसते.

खरा वेळ धुण्यात जाऊ द्या. डीबरिंग (कडांची कुसळे काढणे) झाले की गरम अल्कलीत अल्ट्रासॉनिक धुणे, मग डीआय (क्षार काढलेल्या) पाण्याच्या दोन टाक्या, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि लगेच सुकवणी. आरपार नसलेल्या भोकांत तेल दडून बसते, ती हवेने फुंकून काढा. यानंतर हातमोज्याशिवाय स्पर्श नाही. मागे एकदा चार प्लंजरचे कोटिंग नेमके अंगठ्याएवढे सुटले होते. त्या दिवशी चहाबरोबर भडंग आला होता, एवढेच सांगतो.

पोलादाला डीएलसी थेट धरत नाही, थरातला ताणच त्याला उचकटतो. म्हणून खाली क्रोमचा थर द्यावा लागतो. क्रोमचे टार्गेट (ज्यातून क्रोम उडून जॉबवर बसतो ती प्लेट) किती झिजले आहे ते बघा. आर्गॉन पुरेसा हवा, कारण आयन एचिंगला, म्हणजे कोटिंगआधी आर्गॉनच्या आयनांनी जॉब खरवडून साफ करायला, घाई चालत नाही. डीएलसीला कार्बन देणाऱ्या ॲसिटिलीनचा सिलिंडर उभाच ठेवा आणि संपत आलेला लावू नका, नाहीतर गॅस ज्यात विरघळवलेला असतो तो ॲसिटोनही ओढला जातो. त्या लाईनला तांब्याची नळी कोणी जोडली असेल तर आधी काढा; तांबे आणि ॲसिटिलीन मिळून स्फोटक संयुग बनते.

जुलै-ऑगस्टात चेंबरचे दार गरजेपुरतेच उघडा. भिंती ओल धरतात आणि मग पंप तासभर जास्त रडतो. पंपाचा व्हॉल्व्ह बंद करून चेंबरचे प्रेशर किती चढते ते वहीत लिहा, गळती किंवा ओल त्यातच कळते.

जॉबच्याच स्टीलचा, त्याच टाकीत धुतलेला एक तुकडा फिक्स्चरवर टांगा. कोटिंग नीट धरले का ते बघायला रॉकवेल मशीनवर १५० किलोचा ठसा त्याच्यावर मारायचा आहे, पार्टीच्या प्लंजरवर नाही.