कोरिडोरस पाळताना या चुका टाळा

कोरिडोरस हा मासा काचपेटीचा तळ साफ ठेवतो, या समजुतीने तो विकत घेतला जातो आणि पुढच्या बहुतेक तक्रारी तिथूनच सुरू होतात. दक्षिण अमेरिकेतील नद्या-ओढ्यांचा हा छोटा कॅटफिश इतर माशांची विष्ठा खात नाही. वाळूत दडलेल्या अळ्या आणि किडे हे त्याचे खाद्य आहे. तरंगणारे दाणे वरचे मासेच फस्त करतात, म्हणून दिवे मालवल्यावर बुडणाऱ्या गोळ्या द्याव्यात. एकटा किंवा जोडीने ठेवलेला कोरिडोरस बुजून कोपरा धरतो. एकाच जातीचे किमान ६ असावेत.

मिशा झिजणे ही सर्वांत नेहमीची तक्रार. त्याचा दोष रंगीत, धारदार खड्यांना दिला जातो आणि तो काही अंशी खराही आहे, कारण हा मासा तोंडात वाळू घेऊन ती कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. परंतु बारीक वाळूतही मिशा आखूड होऊ लागल्या, तर तळाशी कुजणारे खाद्य हे कारण समजावे, औषधाच्या बाटलीकडे धावू नये आणि सायफनने (पाणी ओढून घेणाऱ्या नळीने) तो गाळ काढून दर आठवड्याला सुमारे एकचतुर्थांश पाणी बदलावे. बांधकामाची क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) मात्र स्वस्त असली तरी वापरू नये; तिचे कण टोकदार असतात.

नळाचे पाणी अँटिक्लोरीन (क्लोरीन घालवणारे द्रावण) घातल्याशिवाय ओतू नये. नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीत उघड्या खोलीतील काचपेटी फार थंड होते, तेव्हा थर्मोस्टॅटचा हीटर हवा; बहुतेक जातींना २२ ते २६ अंश सेल्सिअस मानवते. त्यांपैकी ठिपक्यांचा पॅलिएटस (२०२४ च्या फेरवर्गीकरणानंतर शास्त्रीय नाव होप्लिसोमा पॅलिएटम) गारवा सोसतो, तर स्टर्बाय ही जात उबेत रमते. या दोघांना एकत्र ठेवण्याचा मोह टाळलेला बरा. याउलट मे महिन्यात पंखा आणि एअर पंप लागतो, कारण तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो.

मासा झपकन वर येऊन हवा गिळतो, हे पाहून घाबरू नये. ती हवा तो आतड्यातून शोषतो. सगळेच सारखे वर धावू लागले, तर मात्र पाण्यातील अमोनिया आणि नायट्राइट (विष्ठा व कुजक्या खाद्यातून होणारी विषारी द्रव्ये) लगेच तपासावे.

पकडताना जाळीऐवजी प्लास्टिकचा डबा वापरावा. पंखांचे काटे ताठ करून हा मासा जाळीत अडकतो आणि ओढाताणीत काटा मोडतो.