खिडकीत गव्हाणी घुबड येऊन बसलं तर

सकाळी खिडकीबाहेर कावळ्यांचा एकच गलका उसळला आणि काही केल्या थांबेना, तर एसीच्या बाहेरच्या युनिटमागे नाहीतर छज्जाच्या कोपऱ्यात नजर टाका. पत्त्यातल्या बदामासारखा पांढरा चेहरा, काळेभोर डोळे, पाठीवर सोनेरी-राखाडी ठिपके आणि उंची जेमतेम फूटभर असेल, तर ते गव्हाणी घुबड. मुंबई-पुण्यात ते वरचेवर दिसतं, कारण उंदीर-घुशींची तिथे कमी नाही. पिंगळा याहून बराच लहान आणि पिवळ्या डोळ्यांचा असतो.

ते तुमच्याकडे आलंय ते कावळ्यांपासून लपायला. ते दिवसा आंधळं असतं ही समजूत चुकीची आहे, त्याला उजेडातही दिसतं. पण कावळे घोळक्याने चोची मारतात, म्हणून अंधार पडेपर्यंत ते हलत नाही. ते धडधाकट असेल तर तुमचं काम एवढंच: पडदा ओढा, त्या खोलीत वावर कमी ठेवा, फ्लॅश मारून फोटो काढू नका. काठीने हुसकावलंत तर ते थेट कावळ्यांच्या तावडीत सापडेल. दाणापाणीही ठेवू नका. तिन्हीसांजेनंतर ते आपलं आपण उडून जातं.

सोसायटीच्या ग्रुपवर विंग आणि मजल्यासकट फोटो टाकायचा मोह मात्र आवरा. दिवाळीच्या सुमारास जादूटोण्यासाठी घुबडं पकडणारे असतात. अपशकुनाचं म्हणाल, तर लक्ष्मीचं वाहन घरी आलं असं शेजारच्या आजींना सांगा, वाद मिटतो.

घरात शिरलं असेल तर सगळ्यात आधी पंखा बंद करा. जास्त इजा पंख्यामुळेच होते. आतल्या खोल्यांची दारं लावून घ्या, मांजर-कुत्रं दुसरीकडे कोंडा. एकच खिडकी पूर्ण उघडी ठेवा. स्लायडिंगची असेल तर मच्छरदाणीची चौकटही काढा, नाहीतर घुबड तिच्यावरच आपटत राहतं. बाकीच्या काचांवर पडदे ओढा. अंधार पडला की घरातले दिवे मालवून बाहेर या आणि तासभर तरी आत डोकावू नका.

आता जखमी घुबड. पंख एका बाजूला लोंबत असेल, रक्त दिसत असेल, डोळे अर्धवट मिटलेले असतील किंवा माणूस जवळ गेला तरी फुसफुस न करता ते जमिनीवर पडून राहत असेल, तर त्याला मदत हवी. निरोगी घुबड पंख फुगवून, चोच टकटक वाजवून धमकावतं. तेवढं त्राण असेल तर उगीच हात लावू नका.

उचलायचंच झालं तर चोचीपेक्षा नख्यांना भ्या. अंगठ्याशेजारच्या मांसात रुतलेली नखी ते सहजी सोडत नाही. जाड चामड्याचे हातमोजे घाला आणि जुना टॉवेल मागून डोक्यासकट अंगावर टाका. डोळे झाकले की ते शांत होतं. मग टॉवेलवरूनच पंख अंगाशी मिटवून धरा, दोन्ही पाय एका हातात घट्ट पकडा आणि उचला. छाती आवळू नका. पक्ष्याचा श्वास छातीच्या हालचालीवर चालतो, दाबलं की तो गुदमरतो.

साधारण दीड फूट लांब, एक फूट रुंद आणि तेवढंच उंच पुठ्ठ्याचं खोकं घ्या. पक्षी आत ठेवण्याआधीच बाजूंना पेन्सिलीच्या जाडीची दहा-बारा भोकं पाडा. तळाला कापड अंथरा, नुसत्या वर्तमानपत्रावर पाय घसरतात. तारेचा पिंजरा नको, त्यात पिसं तुटतात. झाकण चिकटपट्टीने बंद करून खोकं अंधाऱ्या, शांत जागी ठेवा आणि दर पाच मिनिटांनी उघडून बघू नका. चोचीत पाणी सोडू नका, श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मागेच असतं आणि पाणी थेट फुप्फुसात जातं. दूध-पाव तर नकोच.

वन विभागाची हेल्पलाइन 1926. मुंबईत परळच्या बैलघोडा हॉस्पिटलातही पक्ष्यांवर उपचार होतात. जखम नसताना घुबड मलूल असेल, तर सोसायटीत अलीकडे उंदरांचं औषध टाकलं होतं का, हे फोनवरच सांगा. विष खाल्लेला उंदीर गिळला की ते घुबडालाही भिनतं. दोन दिवस घरी सांभाळू असा विचार करू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली तो गुन्हा आहे.

कबुतराच्या जाळीत अडकलं असेल तर ओढू नका. आधी टॉवेलने डोकं झाका, मग पक्ष्याभोवतीची जाळी वीतभर सोडून कापा. पंखात रुतलेला दोरा तसाच राहू द्या, तो डॉक्टर काढतील.

आणि रात्री डक्टमधून, शिट्टी होण्याआधी कुकर फुसफुसतो तसा आवाज येत असेल, तर तिथे पिल्लं आहेत. अंडी घातल्यापासून पिल्लं उडेपर्यंत साधारण तीन महिने लागतात. तोवर डक्टची सफाई आणि जाळीवाला दोन्ही पुढे ढकला. खाली केस आणि हाडांच्या काळपट गुठळ्या पडतील. ती विष्ठा नव्हे, न पचलेला उंदीर घुबड तोंडावाटे टाकतं. हातमोजे घालून गोळा करा, नंतर साबणाने हात धुवा.